उस्मानभाईंना दिलेले चार मार्क

उस्मानभाईंचा विषय निघाला की मी लोकांना 'बस'ची गोष्ट सांगतो. लोक हसतात, मीही हसतो आणि तिथेच थांबतो. त्यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकदा लिहायला बसलो होतो, पण पहिल्याच पानावर स्वतःची बाजू मांडायला लागलो आणि कागद फाडून टाकला. आता ऐंशी उलटली. थोडंफार ठाऊक असलेलं एकच माणूस आहे, ती म्हणजे माझी बायको सुमन, आणि तिने विचारणं कधीच सोडून दिलं आहे. म्हणून आता लिहितो.

आमच्या रत्नागिरीच्या घराला मागच्या बाजूने चिऱ्यांचा गडगा आहे. साधारण कमरेएवढा. त्यापलीकडचं घर वर्षातले दहा-अकरा महिने बंद असायचं, कारण मालक बोटीवर. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये ते उघडलं ते कायमचंच. उस्मानभाई निवृत्त होऊन आले होते. त्यांची बीबी आधीच वारली होती, मुलगा मुंब्र्याला होता. भर दुपारी एकटा माणूस घर झाडतोय हे पाहून सुमनने गडग्यावरून पन्ह्याचा पेला दिला. त्यांनी तो आधी उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला, मग उभ्याउभ्या सावकाश संपवला. पेला धुऊन परत देताना म्हणाले, "वहिनी, सात मार्क. वेलची कमी टाका. कैरी बिचारी बोलतच नाय तिच्यापुढं."

सुमन घरात आली ती पदर खोचतच. "पस्तीस वर्षं पन्हं करत्येय मी! आणि हे कोण मला मार्क देणारे?"

दुसऱ्या दिवशी मात्र तिने वेलची निम्मी केली आणि पेला पुन्हा गडग्यावर ठेवला. पलीकडून आवाज आला, "साडेआठ!"

मी त्याच साली हायस्कुलातून निवृत्त झालो होतो. तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं आणि दर उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासले. मार्क देण्यात माझा हात आखडता, अशी ख्याती होती. निबंधाला वीसपैकी चौदाच्या वर मी कुणाला दिले नाहीत, स्वतःच्या भाच्यालाही नाही. त्या एप्रिलमध्ये पेपरांचा गठ्ठा आला नव्हता आणि लाल पेन खिशात नुसतं बसून होतं. गडग्यापलीकडे मार्कांची भाषा बोलणारा माणूस भेटल्यावर आमची दोस्ती व्हायला आठवडाही लागला नाही.

उस्मानभाईंनी बावीस वर्षं एका प्रवासी बोटीवर बार सांभाळला होता. लागले होते भांडी घासायला, पण एका म्हाताऱ्या गोवेकराने त्यांना हाताशी धरून शिकवलं. गंमत अशी की या माणसाने दारूचा थेंबही कधी चाखला नाही. मी विचारलं, "मग चव कशी कळायची?"

"पिणाराच्या तोंडावर लिवलेलं असतं, मास्तर. पहिला घोट घेतला की भुवई बगायची. दुसऱ्याला हनवटी."

"आणि धर्माचं काय?"

"पोटासाठी हातानं दिली, ओठाला नाय लावली. त्याचा जबाब मी वर देईन. तुमी मार्क द्या."

हे 'तुमी मार्क द्या' पुढे पाच उन्हाळे चाललं. बोट सोडली त्या दिवशी उस्मानभाईंनी बाटलीला हात न लावण्याचं ठरवलं होतं, पण कसब काही सुटत नव्हतं. त्यांना कोकणातल्या उन्हाळ्याची कॉकटेलं करायची होती. बोटीवर परदेशी फळांची केली, आता आपल्या मातीतली करायची. त्यांच्या घरात दारू येणं शक्य नव्हतं, म्हणून हे सगळं आमच्या मागल्या पडवीत व्हायचं. रविवारी असरची नमाज आटोपून, सव्वापाचच्या सुमारास ते गडग्याला वळसा घालून येत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, डाव्या हातावर घडीचा रुमाल. सोबत पंच्यात गुंडाळलेले काचेचे दोन ग्लास. आमचे स्टीलचे पेले त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केले होते. "यात काय पितोय ते दिसत नाय. पाण्याला पण लाज वाटंल." बर्फही स्वतःच्या घरून आणत, पाणी आधी उकळून केलेला, आरपार दिसणारा. बाजारच्या बर्फाला त्यांच्या मते मासळीचा वास होता.

जिनची बाटली माझी. ती कपाटात व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांमागे असे. सुमन तिला 'तुमचं औषध' म्हणायची. फळांचा रस, मीठ, मसाला, बर्फ हे सगळं उस्मानभाई करत. दारू ओतायची वेळ आली की मागे सरून विहिरीकडे तोंड करून उभे राहत, पाठमोरे, हात मागे बांधलेले. मी ओतायचो, ते नुसता आवाज ऐकायचे आणि नेमक्या थेंबाला म्हणायचे, "बस."

एकदा मला लहर आली आणि 'बस' म्हटल्यावर मी जरासा हात सैल सोडला. त्यांनी मान वळवली नाही.

"मास्तर, दोन थेंब जास्त गेले. तुमच्या वर्गात पोरं अशीच कॉपी करायची काय?"

हीच ती गोष्ट. लोकांना ती सांगून मी थांबतो.

ग्लास तयार झाला की नियम सुरू व्हायचे, आणि ते कडक होते. आधी प्यायचं, मग दोनशे पानी वहीत दहापैकी मार्क लिहायचे, खाली एका ओळीत शेरा, मग तोंड उघडायचं. एकदा लिहिलेला मार्क खोडायचा नाही. हा शेवटचा नियम माझा होता. बोर्डाच्या कामात खाडाखोड केली की सही करून कारण द्यावं लागायचं, ती सवय. उस्मानभाईंना तो फार आवडला. सुमनसाठी बिनदारूचा वेगळा पेला असे. ती स्वयंपाकघराच्या दारातून पिऊन आतूनच मार्क ओरडायची. ते वहीत धरले जात नसत, पण उस्मानभाई ऐकून ठेवत.

जांभळाचं पहिलं कॉकटेल मला आठवतं. त्यात त्यांनी मिरी आणि आलं घातलं होतं. मी दोन मार्क दिले आणि शेरा लिहिला, 'सरकारी दवाखान्याची आठवण होते.' मला वाटलं, माणूस दुखावेल. उस्मानभाईंनी वही वाचली आणि गडगडून हसले. "वहिनी, बगा! बोटीवर बावीस वर्षांत असं कुणी बोललं नाय. सगळे म्हणायचे, लव्हली, लव्हली." पुढच्या रविवारी आलं गेलं, मिरी गेली, सैंधव आलं आणि मी सहा दिले. करवंदाला पाच. भाजलेल्या कैरीला सात. कोकमाच्या आगळात शहाळ्याचं पाणी घालून केलेल्याला आठ, आणि तो मी वहीत लिहिलेला सर्वांत मोठा आकडा होता.

सुमनचा एक मावसभाऊ पुण्याहून आला होता. त्याला आम्ही एका रविवारी परीक्षक म्हणून बसवलं. त्याने पुढ्यात आलेल्या प्रत्येक ग्लासला नऊ दिले आणि 'अप्रतिम' लिहिलं. उस्मानभाईंनी त्याचे हात जोडून आभार मानले. तो आत गेल्यावर मला हळूच म्हणाले, "पावण्यांनी ग्लास नाय पिला, शिष्टाचार पिला. त्यांचे नऊ तुमच्या पाचाच्या पासंगाला नाय पुरायचे." त्या रात्री मला छान झोप लागली. निवृत्त माणसाला आपल्या शब्दाला अजून वजन आहे असं कुणी सांगितलं, की काय होतं ते निवृत्त झाल्यावरच कळतं.

असे उन्हाळे गेले. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये उस्मानभाई एका रविवारी रुमाल न घेता आले आणि पायरीवर बसले. भाट्याच्या बाजूला समुद्रावर एक नवं हॉटेल होत होतं. मालकाला कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं होतं. मालक म्हणाला होता, बारचं काम करायला माझ्याकडे पोरं आहेत, तुम्ही त्यांना शिकवा, बाटलीला हात लावायची गरज नाही. पण मला एक पेय असं द्या की मुंबईचा माणूस ते पिण्यासाठी पुन्हा इथं येईल. मेच्या पहिल्या आठवड्यात घेऊन या. आवडलं तर जागा तुमची.

"एकच पेय," उस्मानभाई म्हणाले. "आनि नाय जमलं तर पोरगा बोलवतोयच मुंब्र्याला. म्हणतो, घर विका नि या, एकटे काय करता. पाचव्या माळ्यावर घर हाय त्याचं. मी आयुष्यभर पाण्यावर राहिलो मास्तर, आता हवेत राहू काय?"

मी हसलो. मला वाटलं, म्हातारपणी सगळेच असं बोलतात. माझ्या डोक्यात राहिला तो हॉटेलचा रविवार. समुद्रावरच्या हॉटेलात सगळ्यांत जास्त गर्दी रविवारी संध्याकाळी. म्हणजे आमच्या पडवीत कुणी येणार नाही. मी हे मोठ्याने बोललो नाही. स्वतःशीसुद्धा नीट बोललो नाही. पण तेव्हापासून त्यांनी हॉटेलचं नाव काढलं की मी विषय बदलायचो.

त्यांनी निवडला काजूचा बोंडू. आमच्याकडे बी काढून घेतात आणि बोंडू झाडाखाली कुजतात. रस काढावा तर घसा धरतो. उस्मानभाई महिनाभर त्याच्यामागे लागले होते. बोटीवरच्या त्या म्हाताऱ्या गोवेकराने कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवलं होतं, की भाताच्या पेजेने बोंडूचा तुरटपणा उतरतो. रसात पेज घालून ते मडकं झाकून ठेवायचे, गाळ तळाशी बसला की वरचं फडक्यातून गाळायचे, चाखायचे, ओतून द्यायचे, पुन्हा लांज्याहून बोंडू आणवायचे.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ते आले तेव्हा बाटलीत झऱ्याच्या पाण्यासारखा स्वच्छ, किंचित पिवळा रस होता. त्यांनी ग्लासात बर्फ घातला, रस घातला, चिमूटभर मीठ, लिंबाचं एक पान तळहातावर चापटून टाकलं. शेवटी वाळलेल्या त्रिफळाचा एकच दाणा, जे आपण बांगड्याच्या कालवणात घालतो ते, बोटांनी चुरडून वर भुरभुरवला. मग विहिरीकडे वळले. मी ओतलं. "बस."

मी घोट घेतला.

त्या चवीबद्दल काय लिहू? आधी गारवा आला, मग पिकलेल्या बोंडूचा वास, दुपारी झाडाखालून जाताना येतो तसा, पण घसा धरणारं काहीच नव्हतं. आणि गिळल्यावर त्रिफळाने जिभेच्या टोकाला बारीक झिणझिण्या आणल्या, जणू समुद्रावरचं वारं तोंडात शिरलंय. मी आपल्या मुलखात जन्म काढला आणि आपला मुलूख मला त्या दिवशी पहिल्यांदा ग्लासात मिळाला. माझ्या मनात आकडा आला, नऊ. आयुष्यात कुणालाही न दिलेला.

उस्मानभाई माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी चष्मा पुसायला काढला. मग वही ओढली, लाल पेनाने चार लिहिले आणि खाली शेरा लिहिला, 'बांगड्याच्या कालवणाचा वास येतो.'

त्यांनी वही वाचली. या वेळी हसले नाहीत. "त्रिफळ चुकलं काय?" त्यांनी विचारलं.

"त्रिफळच नाही," मी म्हटलं, "मुळातच जमलेलं नाही. कोकमच न्या. कोकम बरं होतं."

स्वयंपाकघरातून सुमन पेला हातात घेऊनच बाहेर आली. "अहो, काय झालंय हे! उस्मानभाई, दहा! दहा देते मी!" मग तिने वहीत डोकावलं. "चार? तुमची जीभ कुठे ठेवलीत आज?"

"तुला यातलं काय कळतं?" मी खेकसलो.

पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात पाहुण्यासमोर मी तिच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो. ती हातातला पेला तिथेच ठेवून आत गेली. उस्मानभाईंनी दोन्ही ग्लास विसळले, पंच्यात गुंडाळले. जाताना म्हणाले, "वहिनींवर रागवू नका. त्यांचं मन मोठं हाय. पण मार्क तुमचे खरे."

मी त्यांना गडग्याशी गाठू शकलो असतो. हॉटेलच्या दिवसापर्यंत आठ दिवस होते. रोज सकाळी मी ठरवायचो आणि रोज वाटायचं, आता काय सांगणार? मी खोटं लिहिलं म्हणून? का लिहिलं म्हणून? आठ दिवसांत ते दोनदा गडग्यापाशी दिसले, आणि मी दोन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोललो.

ते कोकमाचं घेऊन गेले. मालक म्हणाला, चांगलं आहे, पण कोकम तर बसस्टँडवरही मिळतं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास उस्मानभाई मुंब्र्याला गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. सामान थोडं होतं, पंच्यात गुंडाळलेले ग्लास पिशवीत वरच्या बाजूला. गाडी यायच्या आधी त्यांनी वही काढून माझ्या हातात दिली. "अक्षर तुमचं हाय, तुमच्याकडेच ठेवा." माझ्या खिशात लाल पेन होतं. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली. पंचवीस मिनिटांत आम्ही मुंब्र्याच्या पाण्याबद्दल बोललो, लाइट जातात का त्याबद्दल बोललो.

सुमनने त्यानंतर पाच उन्हाळे पन्हं केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "मार्क देणारं कोण आहे?"

दोन हजार सातच्या डिसेंबरात मी ठाण्याला मुलीकडे गेलो होतो. तिथून मुंब्रा ते किती लांब! वही पिशवीत घेतली. रिक्षात बसून एक वाक्य पाठ केलं, शाळेत पोरांकडून करून घ्यायचो तसं. पाचव्या मजल्यावर उस्मानभाईंनीच दार उघडलं. वाळले होते. शर्ट इस्त्रीचाच होता, मनगटाची बटणं लावलेली. सून आणि नातवंडं बाजारात गेली होती. गॅलरीत कुंडीत लिंबाचं झाड होतं. त्यांनी त्याचं एक लिंबू तोडून सरबत केलं, बर्फ तोच, आरपार दिसणारा. हात कापत होता, म्हणून ग्लास दोन्ही हातांनी धरून पुढे केला.

"मार्क?"

"दहा," मी म्हटलं.

ते हसले. "आता तुमी पण पुण्याचे पावणे झालात, मास्तर. साखर जास्त पडलीय, मला कळतंय की."

मी पिशवीवर हात ठेवला. वाक्य ओठाशी आलं होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, "एक सांगू? त्या बोंडूच्या दिवशी तुमचं तोंड नऊ सांगत होतं. भुवई, हनवटी, सगळं. हात मात्र चार लिवत होता. मी रात्रभर विचार केला. मग म्हटलं, बावीस वर्षांचं माझं कसब चुकंल, पण मास्तरांचा हात खोटा नाय लिवणार." पुढे म्हणाले, "वाईट वाटलं होतं. पण बरं पण वाटलं. तोंडावर खरं सांगणारा एक माणूस जन्मात भेटला, हे काय कमी?"

ते माझ्याकडे पाहत होते. आजही मला कळत नाही, ते मला शाबासकी देत होते की दार उघडून देत होते. मी चष्मा पुसायला काढला.

मी ग्लास संपवला. सुमन कशी आहे ते सांगितलं, त्यांचं घर घेतलेल्यांनी गडगा उंच केला तेही सांगितलं. ते लिफ्टपर्यंत पोचवायला आले. लिफ्टची जाळी ओढून घेताना मी पाहिलं, ते रुमालाची घडी डाव्या हातावर टाकून उभे होते, बोटीवर साहेब लोकांना निरोप देताना राहत असतील तसे, ताठ. लिफ्ट खाली गेली आणि आधी त्यांचं डोकं दिसेनासं झालं, मग रुमाल, मग पाय.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाला.

वही माझ्यासमोर आहे. चारचा आकडा मी खोडलेला नाही. तो नियम माझाच होता. रिक्षात पाठ केलेलं वाक्य मात्र अजून तोंडपाठ आहे, एक शब्दही विसरलेलो नाही:

उस्मानभाई, ते चार खोटे होते. नऊ होते, आणि तुम्ही आमच्या पडवीत येत राहावं म्हणून मी ते दिले नाहीत, मला माफ करा.